'ग्रामीण' कशाला म्हणावे: अमेरिकेच्या गृहनिर्माण कायद्यातील एका वाक्यावर भाष्य

गेल्या हिवाळ्यात ओळखीतल्या एका मराठी जोडप्याबरोबर मी अमेरिकेच्या इंडियाना राज्यात घरे पाहत हिंडत होतो. ती इस्पितळात परिचारिका, तो शाळेची बस चालवतो. हाताशी शिल्लक थोडी. म्हणून सरकारी हमीच्या ग्रामीण गृहकर्जावर भिस्त होती, कारण त्यात सुरुवातीची रक्कम भरावी लागत नाही. एका रस्त्यावर समोरासमोर दोन घरे विक्रीला होती. दोन्हींच्या मागे कापणी झालेल्या मक्याची धसकटे, दोन्हींच्या दारात तसलीच पत्र्याची टपालपेटी. तिने फोनवर कृषी खात्याचा नकाशा उघडून दोन्ही पत्ते घातले. डावीकडचे घर नकाशाच्या कोऱ्या भागात पडले, उजवीकडचे रंगवलेल्या भागात. कोरा भाग पात्र, रंगवलेला अपात्र. ती गाडीतून उतरली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि तिने मला विचारले, "काका, मग गाव नक्की कुठे संपतं?"

या प्रश्नाचे उत्तर नकाशात नाही. नकाशा ज्या वाक्यावरून काढला आहे त्या वाक्यात ते आहे. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याचे कलम ५२० म्हणजे ते वाक्य. खाली त्याचा एकेक तुकडा मराठीत मांडून त्यावर लिहितो. भाषांतर माझे आहे.

आधी संदर्भ. अध्यक्ष ट्रुमन यांनी १५ जुलै १९४९ रोजी या कायद्यावर सही केली. त्याचे पाचवे प्रकरण ग्रामीण घरांचे. आरंभी त्याचा लाभ शेतकऱ्यांपुरता होता. १९६१ मध्ये गावात राहणाऱ्या पण शेती नसलेल्या कुटुंबांनाही दार उघडले. आज कलम ५०२ खाली दोन वाटा आहेत. पहिली थेट कर्जाची: अल्प आणि अत्यल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला कृषी खाते स्वतः पैसे देते, मुदत ३३ वर्षे, काहींना ३८, आणि सवलत धरून व्याजाचा भार १ टक्क्यापर्यंत खाली येऊ शकतो. दुसरी १९९० च्या कायद्याने आलेली हमीची: कर्ज बँकेचे, मुदत ३० वर्षे, आणि कर्जदार बुडाला तर मूळ कर्जाच्या ९० टक्क्यांपर्यंतचे नुकसान सरकार बँकेला भरून देते. या दुसऱ्या वाटेवर कुटुंबाचे उत्पन्न त्या परिसराच्या मध्यक उत्पन्नाच्या ११५ टक्क्यांच्या आत हवे.

आपल्याकडचे भाष्यकार ग्रंथ उघडण्याआधी 'अधिकारी कोण' हे सांगतात, तेही इथे सांगून टाकतो. अर्जदार अमेरिकेचा नागरिक हवा किंवा ग्रीन कार्डासारखा मान्य दर्जा असलेला परदेशी. एच-१बी व्हिसावर आलेल्या आपल्या मुलामुलींना ही वाट बंद आहे. त्यांच्याकडून अर्जाचे पैसे घेऊ पाहणारा दलाल भेटला, तर तिथूनच मागे फिरावे.

"'ग्रामीण' आणि 'ग्रामीण क्षेत्र' म्हणजे कोणताही मोकळा मुलूख, किंवा कोणतेही स्थळ, कसबा, खेडे वा शहर…"

ग्रामीणाच्या व्याख्येत 'शहर' हा शब्द पाहून वाचक थबकतो. पण अमेरिकेत शहर हा मुख्यतः नोंदणीचा दर्जा आहे. काहीशे वस्तीचे गावही राज्याच्या कायद्याखाली 'शहर' म्हणून नोंदलेले असू शकते. आपल्याकडे नगरपंचायत झाली म्हणून गावातला गोठा नाहीसा होत नाही, तसेच ते. म्हणून घर शोधताना पाटीवर 'सिटी ऑफ' अमुक लिहिलेले दिसले की पुढे निघून जाऊ नये. नावाने इथे काहीच ठरत नाही.

"…जे शहरी क्षेत्राचा भाग नाही किंवा त्याच्याशी संलग्न नाही…"

इथे व्यावृत्ती सुरू होते, म्हणजे कोणाला वगळायचे ते. 'भाग नाही' हे सोपे आहे. अवघड पद आहे 'संलग्न'. दोन वस्त्या एकमेकींना चिकटल्या आहेत की वेगळ्या, हे कशावरून ठरवायचे? नियमावलीने त्याचा उलगडा केला आहे. मधे शेतजमीन, पडीक रान किंवा विरळ वस्ती असेल तर वस्त्या वेगळ्या. पण मधे सार्वजनिक बाग असेल, कारखान्यांची रांग असेल, पुढे बांधकामासाठी राखलेली मोकळी जागा असेल, किंवा नदीकालव्यासारखा नैसर्गिक अडसर असेल, तर तो दुरावा धरला जात नाही. दोन काठांवरच्या वस्त्या एकच.

नदीची ही बाब मराठी मनाला चटकन पटणार नाही. आपल्याकडे पैलतीर म्हणजे दुसरे गाव. आळंदीची इंद्रायणी ओलांडली तरी माणूस 'पलीकडे गेलो' म्हणतो. पण या नियमात नदी नुसती भिंतीसारखी. भिंतीने घर दोन होत नाही, असे त्यामागचे म्हणणे. शेत मात्र वस्ती तोडते, कारण शेतात माणसे राहत नाहीत आणि तिथे शहर वाढलेले नाही. गाव कुठे संपते, या तिच्या प्रश्नाला पहिले उत्तर इथे मिळते: शहराकडून येणारी घरांची सलग रांग जिथे शेताने तुटते, तिथे गाव सुरू होते. उजवीकडचे घर त्या रांगेच्या शेवटच्या टोकात धरले गेले होते. डावीकडच्या घरापाशी ती रांग तुटली होती. रेषा रस्त्यावरून आखली गेली, कारण रेषा कुठून तरी आखावीच लागते.

"…(कॅलिफोर्निया राज्यातील पाहारो आणि ॲरिझोना राज्यातील ग्वादालुपे यांचा अपवाद सोडून)…"

अख्ख्या देशाला लागू होणाऱ्या व्याख्येच्या पोटात दोन गावांची नावे! व्याकरण शिकलेल्यांना इथे निपातन आठवेल: नियमाने जे रूप सिद्ध होत नाही ते सूत्रकार जसेच्या तसे देऊन टाकतो. पण सूत्रकाराने निपातन केले म्हणजे नियमाची मर्यादा त्याला दिसली होती, हेही त्यातून कळते. म्हणून या दोन नावांवर थांबावे असे मला वाटते.

पाहारो ही सुमारे ३,००० वस्तीची जागा. मॉन्टेरे परगण्यात (काउंटीत), पाहारो नदीच्या एका काठावर. दुसऱ्या काठावर सांता क्रूझ परगण्यातले वॉटसनव्हिल, ५०,००० हून जास्त वस्तीचे. मधे फक्त पूल. भोवती स्ट्रॉबेरीची शेते, आणि पाहारोत राहतात ती बरीचशी त्या शेतांवर राबणारी, स्पॅनिश बोलणारी कुटुंबे. मार्च २०२३ मध्ये नदीचा बांध फुटला, मध्यरात्री सगळे गाव पाण्यात गेले आणि लोकांना घरे सोडावी लागली. आता वरचा नियम या जागेला लावून पाहा. नदी दुरावा धरली जात नाही, म्हणून पाहारो वॉटसनव्हिलशी संलग्न, म्हणून शहरी, म्हणून अपात्र. स्ट्रॉबेरी खुडणाऱ्या मजुराच्या वस्तीला 'ग्रामीण नाही' म्हणणारी व्याख्या अव्याप्तीच्या दोषात सापडते, म्हणजे जे लक्ष्य तेच लक्षणातून निसटते. तो दोष भरून काढण्यासाठी गावाचे नाव लिहावे लागले, असा माझा अन्वय आहे.

ग्वादालुपेची गोष्ट आणखी बोलकी. फिनिक्स आणि टेंपी या दोन मोठ्या शहरांनी वेढलेला हा एक चौरस मैलाहूनही लहान गाव, वस्ती ५,००० च्या थोडी वर. मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातून छळाला कंटाळून आलेल्या याकी लोकांनी १९०० च्या सुमारास तो वसवला. पुढे मेक्सिकन कुटुंबेही आली. शहरे वाढत वाढत चहूकडून येऊन भिडली, तेव्हा १९७५ मध्ये गावाने स्वतःची वेगळी नोंदणी करून घेतली. नकाशावर पाहिले तर तो शहराच्या पोटात आहे. पण गाव आधीचा, शहर नंतर आले. जे शहर स्वतः चालत आले, त्याच्यामुळे गावकऱ्यांचे कर्ज का तुटावे? कायदा करणाऱ्यांनी या प्रश्नाला न्याय दिला असे मी मानतो. त्यांनी तो दोनच गावांना दिला, हे मात्र खटकते. शहराने गिळलेली गावे देशात दोनच नाहीत. आपल्या वाचकाला मुंबईतले कोळीवाडे आणि पुण्यात सामील झालेली गावठाणे आठवली, तर ते योग्यच आहे.

"…आणि (१) ज्याची लोकसंख्या २,५०० हून अधिक नाही…"

हा आकडा जनगणनेच्या जुन्या चाकोरीतून आलेला. अमेरिकी जनगणना १९१० पासून २,५०० ही शहराची उंबरठ्याची संख्या धरत आली. २०२० च्या जनगणनेला तिने तो उंबरठा ५,००० लोक किंवा २,००० घरे असा वर नेला. गृहनिर्माण कायद्याने आपला जुना आकडा सोडला नाही. त्यामुळे जनगणनेच्या कोष्टकात एखादे ठिकाण 'ग्रामीण' दिसले म्हणून ते कर्जासाठीही ग्रामीण असेलच, असे समजू नये. दोन्हींचे शब्द सारखे, अर्थ वेगळे.

"…किंवा (२) २,५०० हून अधिक पण १०,००० हून अधिक नाही, आणि जे प्रकृतीने ग्रामीण आहे…"

'ग्रामीण' ची व्याख्या करताना 'प्रकृतीने ग्रामीण' म्हणणे हा नैयायिकांच्या भाषेत आत्माश्रय: जे सिद्ध करायचे त्याचाच आधार घेणे. शंका रास्त आहे. समाधान असे, की इथपर्यंत आकड्यांनी काम केले आणि इथे कायद्याने मुद्दाम आकडा खाली ठेवला. ६,००० वस्तीचे एक ठिकाण धान्याच्या कोठारांभोवती वसलेले असते, आणि तेवढ्याच वस्तीचे दुसरे एखाद्या महानगराच्या नोकरदारांचे रात्रीच्या झोपेपुरते निवासस्थान असते. दोघांत फरक करायचा तर कुणीतरी जाऊन पाहिले पाहिजे. ते काम खात्याच्या राज्य कार्यालयांवर सोपवले आहे. भारताच्या जनगणनेने याच अडचणीवर दुसरा तोडगा काढला: ५,००० वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि कामकरी पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर, तर ते शहर. आपली कसोटी मोजता येते. अमेरिकेची कसोटी पाहून ठरवावी लागते. मला दुसरी अधिक माणुसकीची वाटते, पण पाहणारा माणूस खरोखर जाऊन पाहत असेल तरच.

"…किंवा (३) १०,००० हून अधिक पण २०,००० हून अधिक नाही, जे प्रमाण महानगरीय सांख्यिकी क्षेत्रात मोडत नाही…"

'प्रमाण' हे विशेषण आता मृत आहे. जनगणनेच्या परिभाषेतून ते १९८३ मध्ये गेले आणि नुसते 'महानगरीय सांख्यिकी क्षेत्र' उरले. अर्थ तोच घ्यायचा. ध्यानात ठेवायचे ते एवढेच: अशी क्षेत्रे परगण्यांच्या हद्दींनी आखली जातात, आणि एका परगण्यात मोठे शहर असले तर दूरच्या कोपऱ्यातले कसबेही त्याच्या हिशेबात जाते.

"…आणि जेथे अल्प व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना गहाणकर्जाची तीव्र चणचण आहे."

सगळे वाक्य या शेवटच्या अंगावर उभे आहे. आतापर्यंत लोकसंख्या, हद्द, नदी, शेत असे भूगोलाचे शब्द आले. इथे एकदम पैसा आला. ग्रामीण म्हणजे जिथे घरासाठी कर्ज मिळत नाही, ही बाब व्याख्येत सामील झाली. पहिल्या दोन वर्गांत ती लिहिलेली नाही, कारण तेवढ्या लहान ठिकाणी चणचण गृहीत धरली आहे. जागा मोठी होत गेली की ती वेगळी दाखवावी लागते. म्हणून या कायद्यात 'ग्रामीण' या शब्दाचा गाभा शेतीचा नाही, पतपुरवठ्याचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

चणचण का होते, हे त्या मक्याच्या शेताकडेच पाहून सांगता येईल. घराची किंमत ठरवणारा मूल्यांकनकार आजूबाजूला नुकतीच विकली गेलेली तीन सारखी घरे शोधतो. शहरात ती एका गल्लीत सापडतात. त्या रस्त्यावर गेल्या वर्षभरात एकच घर विकले गेले होते. मूल्यांकनकाराला वीस मैलांवरचे उदाहरण घ्यावे लागले, आणि मग ते घर सारखे कसे, याचे समर्थन लिहावे लागले. बँकेला कागदपत्रांचा खर्च लहान कर्जालाही मोठ्या कर्जाएवढाच येतो, नफा मात्र लहान. नळाचे पाणी नाही, विहीर आहे. गटार नाही, सेप्टिक टाकी आहे. शाखा दूर. उन्हाळ्यात शाळा बंद असताना बसचालकाचा पगार थांबतो, आणि बँकेचा संगणक अशा उत्पन्नाकडे संशयाने पाहतो. माणूस प्रामाणिक असतो, घर भक्कम असते, आणि तरीही कर्ज होत नाही. सरकारची हमी नेमकी या जागी बसते.

महाराष्ट्राच्या वाचकाला हे ओळखीचे आहे. गावठाणातले पिढीजात घर. हातात ग्रामपंचायतीचा नमुना ८. आणि बँकेत गेले की ऐकू येते, हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. घर आहे, गहाण ठेवता येत नाही. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने ड्रोनने गावठाणे मोजून मिळकतपत्रिका द्यायला घेतल्या, त्यामागे एक स्पष्ट हेतू त्या कागदावर कर्ज मिळावे हाच होता. तिथे अडसर बाजाराचा, इथे कागदाचा. गावातल्या माणसाच्या वाट्याला येणारा नकार तोच.

"…पूर्वी ग्रामीण ठरलेले क्षेत्र, त्याची लोकसंख्या १०,००० हून अधिक पण ३५,००० हून अधिक नसेल, ते प्रकृतीने ग्रामीण असेल आणि तेथे कर्जाची तीव्र चणचण असेल, तर पुढील जनगणनेपर्यंत ग्रामीणच मानले जाईल."

ही ओळ मी संक्षेपाने दिली आहे. मुळात ती तारखांनी भरलेली आहे. शास्त्रात याला अतिदेश म्हणतात: जे तसे नाही त्याला तसे मानून कार्य करणे. ही मर्यादा आधी २५,००० होती, २०१४ च्या कृषी कायद्याने ती ३५,००० केली, आणि मुदत आता २०३० च्या जनगणनेपर्यंत आहे. घर शोधणाऱ्याला या ओळीचा फार मोठा उपयोग आहे आणि ती सर्वांत कमी वाचली जाते. ३०,००० वस्तीचे, सिनेमाघर आणि दोन मोठे बाजार असलेले गाव पाहून माणूस म्हणतो, इथे कसले ग्रामीण कर्ज! आणि तेच गाव या ओळीमुळे पात्र असते. याउलट एखाद्या शहराच्या वेशीवरचे, गाईगुरे असलेले शेतघर 'संलग्न' या एका शब्दामुळे अपात्र असते. डोळ्यांना जे गाव दिसते आणि कायदा ज्याला गाव म्हणतो, त्यांच्यात असे अंतर असते.

एक गोष्ट या वाक्यात कुठेच नाही: घर. ते दुसऱ्या नियमांत आहे आणि तिथे फार खल करण्यासारखे नाही. घर राहण्याजोगे, सुरक्षित आणि आरोग्याला निर्धोक हवे. कर्जदाराने स्वतः त्यात राहायचे. उत्पन्न देणारी शेती किंवा धंद्याची इमारत या कर्जातून घेता येत नाही. खासगी विहीर असेल तर पाण्याची तपासणी करून अहवाल जोडायचा. हमीच्या कर्जावर १ टक्का एकरकमी शुल्क आणि दरसाल ०.३५ टक्के शुल्क पडते, ते हिशेबात आधीच धरावे.

त्या दिवशी तिने रस्त्यात उभी राहून आणखी एक विचारले होते: उजवीकडचे घर आवडले असले तर काय करायचे? मी म्हणालो, ते घर सोडायचे, किंवा दुसरे कर्ज शोधायचे. नकाशाशी वाद घालत बसायचे नाही. घर डोळ्यांत भरण्याआधी त्याचा पूर्ण पत्ता, घर क्रमांकासकट, नकाशात घालून पाहावा. गावाचे नाव घालू नये, पिनकोडावर भागवू नये, दलालाच्या शब्दावर तर मुळीच राहू नये, कारण एकाच पिनकोडात रेषेच्या दोन्ही बाजू असतात. करारावर सही करण्याआधी बँकेकडून तीच खातरजमा लेखी घ्यावी. डावीकडच्या घराच्या विहिरीचा अहवाल फेब्रुवारीत आला, पाणी चांगले निघाले, आणि मार्चच्या अखेरीस त्या दोघांना किल्ली मिळाली.